तीन बोटं वर

माझं दुकान तळघरात, वेरा वस्तीतल्या उतारावर.
एकच खिडकी, तीही रस्त्याला टेकलेली,
त्यामुळे तिबिलिसी मला घोट्यापर्यंतच ठाऊक:
बूट, मोजे, कुत्र्यांचे पंजे,
आणि पन्नाशीच्या आसपासच्या बायांच्या चपट्या टाचा
पायरीशी येऊन अडखळणाऱ्या.

आत आल्या की आधी माफी मागतात.
पोटाची, दंडांची, हनुवटीखालच्या कातडीची,
जसं काही माझंच दूध त्यांच्या हातून उतू गेलं.
‘लमारा, झाकता येईल तेवढं झाक.’
झाकायला चादर पुरते, बाई. शिंपीण कशाला?

नाझिब्रोला आली फेब्रुवारीत,
बोचक्यात पाच काळे कोट.
एक आईच्या दुखवट्याचा, एक सासऱ्याच्या,
एक नुसताच, स्वस्तात मिळालेला,
उरलेले दोन कशाचे ते तिलाही आठवेना.
आमच्याकडे काळं घालायला कारण लागत नाही,
उतरवायला लागतं.

‘पाचांचा मिळून एक कर,’ म्हणाली,
‘त्रेपन्नाव्या वर्षी आता काय शोभायचंय?’

मी विचारलं, ‘दिवसभर हातांनी काय करतेस?’

तिला आरशानं हे कधी विचारलं नसावं.
आधी गप्प. मग बोलतच सुटली.
पियानो जुळवते. शाळांतले, ओल खाल्लेल्या घरांतले.
गुडघे टेकून, कधी अर्धी आत वाकून,
उजव्या हातात किल्ली, डावा पट्ट्यांवर,
आणि बाही सारखी तारांत जाते,
आणि भर थंडीत मानेतून वाफ उठते कानांपर्यंत,
तेव्हा सूर नाही, स्वतःचं रक्तच ऐकू येतं,
आणि स्वरकाट्याला खिसा नाही म्हणून तो दातांत.
‘दातांतून छान ऐकू येतो,’ म्हणाली,
‘पण घरातली मुलं घाबरतात.’

मी खडू उचलला.

बाही मनगटाच्या तीन बोटं वर.
मुंढा असा, की हात उचलला तरी कोट जागेवर.
गळपट्टी उसवून टाकली, गळा मोकळा.
आतून डावीकडे अरुंद खिसा, काट्याच्या लांबीचा,
फ्लॅनेल लावलेला, म्हणजे वाजणार नाही.
अस्तर देठाशी काळवंडलेल्या आलुबुखाराच्या रंगाचं.
‘ते कोण बघणार?’
वाफ उठली की कोट उघडशील ना? तू बघशील.

उसवताना त्या पाच कोटांतून निघालं:
चर्चमधल्या मेणबत्तीचं बूड, सूर्यफुलाच्या बिया,
आणि एक बटण, जे पाचांपैकी कशाचंच नव्हतं.

एप्रिलात ती परत आली, तर खालची कड कापलेली.
घरच्या कात्रीनं, तिरकी, दोरे लोंबताहेत.
‘पेडलखाली अडकत होती.’ ना लाज, ना माफी.
चाळीस वर्षांत माझ्या शिवणीला असा कुणी हात लावला नव्हता.
मी तापले. ‘उतरव, सरळ करून देते.’
‘नको.’

आणि ते ‘नको’ तिला इतकं नीट बसलं होतं
खांद्यावर, पाठीवर, कुठे चुणी नाही,
की मी टाचणी परत उशीत खोचली.

जाताना मशीनशी थांबली, काटा वाजवून कानाशी धरला.
‘तुझं मशीन सुराच्या जरा खाली गुणगुणतं.’
म्हटलं, वय झालं त्याचं.
‘मग वर ओढू नकोस. जुन्या पियानोलाही मी ओढत नाही,
तार तुटते.
तो जिथं उतरलाय तिथंच बाकीच्या तारा आणते.’

मग खिडकीतून गेली: करडे बूट, एक मोजा घसरलेला,
वर ती तिरकी कड.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.
मी माझ्या एप्रनचा खिसा उसवला.
किती वर्षं तो चुकीच्या बाजूला होता.
मी डावखुरी आहे.